एकाहून अधिक हार्ड डिस्क असलेला संगणक सुरू होत नाही तेव्हा

एकच हार्ड डिस्क असलेला संगणक सुरू झाला नाही, तर दोष त्या डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा तिच्यावरील विंडोजमध्ये शोधायचा असतो आणि शोधाचे क्षेत्र आपोआपच मर्यादित राहते. दोन-तीन डिस्क जोडलेल्या संगणकाचे तसे नसते. तेथे प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे तपासली असता निर्दोष आढळते, तिच्यावरील फायली दुसऱ्या संगणकावर व्यवस्थित उघडतात, आणि तरीही सगळ्या डिस्क एकत्र जोडल्या की काळ्या पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ येऊन सारे थांबते. संगणक सुरू होण्याची क्रिया तीन टप्प्यांत घडते आणि त्यांपैकी पहिल्यानंतरचे टप्पे वेगवेगळ्या डिस्कवर विखुरलेले असू शकतात, हे या कोड्याचे मूळ आहे. कोणता टप्पा कोणत्या डिस्कवर अवलंबून आहे हे ठरवल्यावाचून केलेली दुरुस्ती, विशेषतः दुकानात सर्रास सुचवले जाणारे ‘फॉरमॅट मारून’ विंडोज पुन्हा टाकणे, बहुधा अनावश्यक असते आणि कित्येकदा जुन्या माहितीच्या मुळावर येते.

वीज मिळताच प्रथम जागे होते ते फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली, कोणत्याही डिस्कवर अवलंबून नसलेली प्राथमिक आज्ञावली. १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर आलेले बायोस हे तिचे जुने रूप होय, आणि २००५ साली स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमकडे ज्याचे मानक आहे ते यूईएफआय हे नवे रूप. बाजारात मात्र दोहोंनाही सरसकट बायोसच म्हटले जाते. हे फर्मवेअर एखाद्या डिस्कवरील बूट लोडर, म्हणजे कार्यप्रणाली स्मृतीत आणणारी छोटी आज्ञावली, शोधून तिच्या हाती सूत्रे देते. तो बूट लोडर जवळच्या नोंदींमध्ये पाहून विंडोजचा फोल्डर जेथे असेल तेथून पुढचे काम सुरू करतो. विंडोजमध्ये या नोंदींना बीसीडी असे नाव असून २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून त्या वापरात आहेत. बूट लोडर, बीसीडी आणि विंडोजचा फोल्डर एकाच डिस्कवर असले पाहिजेत असा कोणताही नियम नाही, आणि बहुतेक तक्रारी नेमक्या याच मुभेतून उद्भवतात.

बूट लोडर शोधण्याची बायोसची पद्धत आंधळी आहे. फर्मवेअरच्या सेटअपमध्ये ठरवलेल्या क्रमात जी डिस्क पहिली असेल तिचा ५१२ बाइट्सचा पहिला सेक्टर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर, ते वाचते. त्यात ४४६ बाइट्स आज्ञावलीसाठी, ६४ बाइट्स चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट्स ओळखखुणेसाठी राखलेले असतात. ओळखखूण जुळली की त्या डिस्कवर विंडोज आहे की नुसते लग्नाचे व्हिडिओ आहेत याची चौकशी बायोस करीत नाही. केवळ माहिती साठवण्यासाठी विंडोजने तयार केलेल्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवरही ही खूण असतेच, त्यामुळे अशी डिस्क कोणत्याही कारणाने क्रमात वर गेली, की शेजारच्या डिस्कवर विंडोज सुस्थितीत असूनही ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ यासारखा संदेश येऊन गाडी अडते. यूईएफआय मात्र डिस्कऐवजी फाइल शोधते. मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी एक नोंद असते आणि ती एका विशिष्ट डिस्कवरील एका विशिष्ट पार्टिशनमधील एका विशिष्ट फाइलकडे बोट दाखवते. हे पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन किंवा ईएसपी, जे फॅट३२ पद्धतीचे, विंडोजने स्वतः बनवले असल्यास बहुधा १०० एमबीच्या आसपासचे असते आणि फाइल एक्सप्लोररमध्ये एरवी दिसत नाही. ज्या डिस्कवर ते असते तिचा पार्टिशनांचा तक्ताही सामान्यतः एमबीआरऐवजी जीपीटी या नव्या पद्धतीचा असतो.

सर्वांत वारंवार आढळणारा प्रसंग जुन्या संगणकात नवी एसएसडी बसवण्याचा आहे. जुनी हार्ड डिस्क जागेवरच ठेवून एसएसडी जोडली जाते, पेन ड्राइव्हवरून विंडोज सुरू करून स्थापनेसाठी एसएसडी निवडली जाते, संगणक पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने चालू लागतो आणि विंडोज एसएसडीवर आहे अशी सगळ्यांचीच खात्री पटते. विंडोजचा फोल्डर तेथे असतोच; परंतु स्थापना करणाऱ्या आज्ञावलीला जुन्या डिस्कवर आधीचे ईएसपी सापडले, तर ती एसएसडीवर नवे न बनवता त्याच जुन्या पार्टिशनमध्ये बूट लोडर ठेवू शकते, आणि बायोसच्या काळातील संगणकावर हीच गोष्ट जुन्या डिस्कवरील ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून खूण केलेल्या पार्टिशनच्या बाबतीत घडते. वर्ष-दोन वर्षांनी जुनी डिस्क कुरकुरू लागते म्हणून ती काढली जाते, किंवा रिकामी करावी म्हणून फॉरमॅट केली जाते, आणि त्याच दिवशी एसएसडी निकामी झाल्याचा समज होतो. वस्तुतः एसएसडीला काहीही झालेले नसते. तिच्यापर्यंत पोहोचवणारी फाइल तेवढी गेलेली असते.

संगणक चालू असताना हा धोका ओळखणे फारसे कठीण नाही. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडले असता प्रत्येक डिस्कची पार्टिशने एकेका ओळीत दिसतात आणि त्यांच्यावर इंग्रजी शेरे असतात. येथे मायक्रोसॉफ्टची परिभाषा अपेक्षेच्या नेमकी उलट आहे, हे ध्यानात ठेवावे लागते: ज्यावर ‘बूट’ लिहिलेले असते त्यावर विंडोजचा फोल्डर असतो, तर बूट लोडर ज्यावर असतो त्यावर ‘सिस्टिम’ असा शेरा असतो. हे दोन शेरे दोन वेगळ्या डिस्कवर दिसले, तर त्यांपैकी कोणतीही डिस्क काढल्यास संगणक सुरू होणार नाही असे समजावे. ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ या क्रमांकांवर विसंबणे मात्र चुकीचे ठरते, कारण ते कायम नसतात; एम.२ पद्धतीची वेगवान एसएसडी असलेल्या अनेक संगणकांत साटा जोडणीची जुनी हार्ड डिस्कच शून्य क्रमांकाने दिसते. डिस्क ओळखायची ती मॉडेल क्रमांक आणि क्षमता पाहूनच.

प्रत्यक्ष तपासाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घेणे आवश्यक आहे. पहिली बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील माहिती कूटबद्ध ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये किंवा सुरू होण्याच्या क्रमात बदल झाला की बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर दुरुस्त होण्याजोगा दोषही माहिती कायमची गमावण्यात परिणत होतो. विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर अनेक संगणकांवर हे कूटबद्धीकरण आपोआप चालू होते, त्यामुळे ‘आपण ते कधी लावलेच नाही’ हा भरवसा पुरेसा नाही. की बहुधा त्याच खात्यात जमा असते आणि ती मोबाइलवरूनही पाहता येते. दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअपची. २०१२ साली विंडोज ८ मध्ये आलेल्या या सोयीमुळे ‘शट डाउन’ केलेला संगणक पूर्ण बंद न होता आपली काही अवस्था डिस्कवर जतन करून ठेवतो, आणि अशा वेळी एखादी डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तिच्यात बदल केले तर फायलींची मोडतोड होऊ शकते. संगणक सुरू होत असेल तर डिस्क काढण्यापूर्वी शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन करावे, म्हणजे तो खरोखर बंद होतो.

यानंतरची कृती दुरुस्तीच्या कोणत्याही आज्ञेपेक्षा अधिक उपयुक्त आहे आणि तिला काही खर्चही येत नाही. कोणती केबल कोठे होती याचे छायाचित्र काढून, मुख्य वीज बंद करून, ज्या डिस्कवर विंडोज असल्याची खात्री आहे ती वगळता बाकी सर्व डिस्क, बाहेरून जोडलेल्या बॅकअपच्या डिस्क, पेन ड्राइव्ह आणि कार्ड रीडरसुद्धा सोडवावेत आणि संगणक चालू करावा. तो सुरू झाला तर दोष उरलेल्या डिस्कपैकी एकीत किंवा त्यांच्या क्रमात आहे हे सिद्ध होते, आणि प्रत्येक वेळी संगणक बंद करून एकेक डिस्क परत जोडत गेल्यास अपराधी डिस्क सापडतेच. तो सुरू झाला नाही, पण सेटअपमध्ये ती डिस्क नावानिशी दिसत असेल, तर बूट लोडर दुसऱ्या डिस्कवर राहिला असण्याचा संभव सर्वाधिक असतो. आणि डिस्क सेटअपमध्ये दिसतच नसेल, तर विंडोजचा विचार बाजूला ठेवून तारा, वीज आणि जोडणी यांकडे वळावे. सेटअप उघडण्याची कळ बहुधा डिलीट किंवा एफ२ असते. केवळ एका वेळेपुरती डिस्क निवडण्यासाठी वेगळा बूट मेनू असतो आणि त्याची कळ कंपनीगणिक बदलते: डेल व लेनोव्हो यांच्या बहुतेक संगणकांवर एफ१२, एचपीवर एफ९, गिगाबाइटच्या मदरबोर्डवर एफ१२, एमएसआयच्या व अ‍ॅसरॉकच्या मदरबोर्डवर एफ११, तर आसुसच्या मदरबोर्डवर एफ८. या मेनूतून डिस्क निवडल्यावर संगणक सुरू होत असेल, तर सेटअपमधील क्रम बदलण्यापलीकडे कोणतीही दुरुस्ती लागत नाही.

डिस्क न दिसण्याची कारणे बहुतांशी साधी असतात. साटाची माहितीवाहक केबल सैल होते, किंवा जुन्या केबलची खाच ढिली पडते. केबल आणि पोर्ट बदलून पाहणे हा त्यावरचा तपासही आहे आणि उपायही. एम.२ एसएसडी बसवल्यानंतर पूर्वीची एखादी साटा डिस्क अकस्मात नाहीशी झाली, तर मदरबोर्डची पुस्तिका पाहावी, कारण अनेक मदरबोर्डवर एम.२ ची खाच आणि काही साटा पोर्ट एकाच वाहिनीवर असतात व खाच व्यापली गेली की ते पोर्ट बंद होतात. अशा वेळी डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत दिसते. विजेचा प्रश्न थोडा फसवा आहे. साडेतीन इंची हार्ड डिस्कची तबकडी स्थिर अवस्थेतून गती घेताना १२ व्होल्टच्या वाहिनीवरून नेहमीच्या कामापेक्षा कितीतरी अधिक प्रवाह खेचते, आणि तीन-चार डिस्क एकाच क्षणी फिरू लागल्या की वीजपुरवठा करणारा जुना किंवा स्वस्त एसएमपीएस तेवढ्यापुरता कमी पडू शकतो. संगणक पहिल्यांदा अडतो, पण रीस्टार्ट केल्यावर सुरळीत चालतो, कारण तोवर तबकड्या फिरतच असतात. एकाच विजेच्या तारेवर स्प्लिटर लावून अनेक डिस्क जोडलेल्या असतील तर हा संशय आधी घ्यावा.

मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी हेही एक दुर्लक्षित कारण आहे. तीन व्होल्टची ही बॅटरी संपली आणि वीजही गेली, की घड्याळ मागे जाते आणि अनेक मदरबोर्डवर सेटअपमधील निवडी मूळपदावर येतात. डिस्कचा क्रम बदलतो, आणि त्याहून उपद्रवी म्हणजे साटाची कार्यपद्धती एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट जाते. विंडोज एका पद्धतीवर स्थापन झालेले असताना दुसरी पद्धत समोर आली, की निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश येतो, जो वाचून डिस्क बिघडल्याचीच समजूत होते. पडद्यावरची तारीख अनेक वर्षे मागची दिसत असेल तर बॅटरी बदलून पूर्वीची पद्धत परत निवडावी. एवढ्याने संगणक पूर्ववत होत असताना विंडोज पुन्हा टाकणे हा निव्वळ अपव्यय आहे.

दुसरी डिस्क निव्वळ माहितीची असली आणि विंडोजशी तिचा काही संबंध नसला, तरी ती मरणपंथाला लागलेली असेल तर संगणकाची सुरुवात अडवून धरू शकते. प्रतिसाद न देणाऱ्या डिस्कची वाट आधी फर्मवेअर आणि नंतर विंडोज पाहत राहते, आणि कंपनीच्या चिन्हावर किंवा फिरणाऱ्या ठिपक्यांवर पडदा कित्येक मिनिटे खिळून राहतो. ती डिस्क काढताच तोच संगणक चटकन सुरू होतो. डिस्कमधून ठरावीक अंतराने टिकटिक आवाज येत असेल तर ती वारंवार चालू-बंद करून पाहू नये. आवाज नसेल तर स्मार्ट या, डिस्कने स्वतःच ठेवलेल्या प्रकृतीच्या नोंदी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने वाचाव्यात. त्यांतील ०५ ही नोंद बदली जागा द्याव्या लागलेल्या सेक्टरांची आणि सी५ ही वाचता न येणाऱ्या, निर्णयाच्या प्रतीक्षेतील सेक्टरांची असते. या वाढत असतील तर माहितीची प्रत तातडीने काढावी. सी७ ही नोंद मात्र डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात झालेल्या चुकांची असून ती फुगलेली असल्यास पहिला संशय केबलवर घ्यावा. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलसाठी चांगली डिस्क भंगारात जाते ती या तिसऱ्या नोंदीकडे कोणी पाहत नाही म्हणून.

बूट लोडरच हरवला आहे असे ठरल्यावर तो विंडोजच्या डिस्कवर नव्याने लिहिता येतो आणि त्यासाठी विंडोजची पुनर्स्थापना करावी लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून बूट मेनूतून तो निवडावा. मेनूत एकाच पेन ड्राइव्हची दोन नावे दिसल्यास, यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर ज्या नावाआधी यूईएफआय हा शब्द आहे तेच घ्यावे. स्थापनेचा पहिला पडदा आल्यावर शिफ्ट आणि एफ१० या कळा एकत्र दाबल्या की आज्ञा देण्याची खिडकी उघडते. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या असतात; येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रथम ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट डिस्क’ दिली असता जोडलेल्या डिस्क दिसतात आणि जीपीटी पद्धतीच्या डिस्कसमोर तारांकित खूण असते. ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिल्यावर पार्टिशने दिसतात, आणि येथे सावध राहावे लागते, कारण या वातावरणात अक्षरे बदललेली असतात व एरवीचे ‘सी’ येथे ‘डी’ किंवा ‘ई’ असू शकते. ज्यात विंडोजचा फोल्डर आहे ते पार्टिशन आकारावरून व आतील फोल्डर पाहून ओळखावे. एसएसडी जीपीटी पद्धतीची असेल पण तिच्यावर ईएसपी नसेल, तर विंडोजचे पार्टिशन ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ने निवडून ‘श्रिंक’ने सुमारे ३०० एमबी जागा मोकळी करावी, ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय’ने तेथे नवे पार्टिशन बनवावे, ते फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्याला ‘एस’सारखे मोकळे अक्षर द्यावे. डिस्कपार्टमधून बाहेर पडून शेवटी ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा द्यावी, जिच्यात विंडोज फोल्डरचा पत्ता, एस या पर्यायापुढे ईएसपीचे अक्षर आणि एफ या पर्यायापुढे यूईएफआय हा शब्द लिहायचा असतो. काही क्षणांत बूट लोडर आणि बीसीडी तयार होतात. या सर्व काळात बाकीच्या डिस्क सोडवलेल्या असाव्यात, कारण डिस्कपार्टमध्ये चुकीची डिस्क निवडली गेली तर ते पुन्हा विचारण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि त्यातील ‘क्लीन’ ही आज्ञा तर कुतूहलानेही देऊ नये. ‘बूटरेक’च्या ‘फिक्सएमबीआर’ या पर्यायाची शिफारस अद्यापही सर्वत्र केली जाते. ती बायोसच्या जमान्यातील आहे आणि यूईएफआय पद्धतीने चालणाऱ्या संगणकाला तिचा उपयोग नाही.

एसएसडी एमबीआर पद्धतीची असेल तर तिच्यावरील विंडोजचे पार्टिशन ‘अ‍ॅक्टिव्ह’ करून बीसीडीबूटमध्ये यूईएफआयऐवजी बायोस लिहावे, आणि संगणक त्या पद्धतीने सुरू झाल्यानंतरच, हवे असल्यास, विंडोज १० मध्ये २०१७ पासून समाविष्ट असलेल्या एमबीआरटूजीपीटी या साधनाने माहिती न पुसता तिचे जीपीटीत रूपांतर करावे. हे साधन आधीच सुरू होऊ शकणाऱ्या डिस्कवरच काम करते, म्हणून क्रम उलटा करून चालत नाही.

महाराष्ट्रातील डीटीपीच्या आणि छपाईच्या अनेक कार्यालयांत जुने पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फाँट चालावेत म्हणून जुन्या डिस्कवर विंडोजची जुनी आवृत्ती आणि नव्या डिस्कवर नवी आवृत्ती अशी जोडगोळी राखलेली असते. अशा ठिकाणी दोन्ही आवृत्त्या एकाच बूट लोडरच्या यादीत ठेवण्यापेक्षा, एक डिस्क जोडलेली व दुसरी सोडवलेली अशा स्थितीत प्रत्येकीवर स्वतंत्र स्थापना करून बूट मेनूतून हवी ती निवडणे केव्हाही श्रेयस्कर, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरीचे काम थांबत नाही. मात्र जुनी आवृत्ती बायोस पद्धतीने आणि नवी यूईएफआय पद्धतीने स्थापन झाली असेल, तर दोन्ही चालण्यासाठी फर्मवेअरमध्ये सीएसएम ही जुन्या पद्धतीला सामावून घेणारी सोय असावी लागते, आणि अलीकडच्या कित्येक मदरबोर्डवर ती उरलेली नाही. लिनक्स वापरणाऱ्यांच्या बाबतीत ग्रब हा बूट लोडर दोन डिस्कांवर विभागला गेलेला असला आणि त्यांतील एक काढली, की पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द उरतात. तेथेही डिस्क परत जोडणे हा पहिला आणि ग्रब योग्य डिस्कवर पुन्हा बसवणे हा दुसरा उपाय होय.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, काढून एसएसडीवर गेलेल्यांची अडचण बूट लोडर हरवण्याच्या उलट असते: त्यांच्याकडे बूट लोडर दोन असतात आणि दोन्ही डिस्कची आंतरिक ओळखही बऱ्याचदा एकसारखी असते. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज त्यांतील एक ‘ऑफलाइन’ करू शकते, किंवा एसएसडीवरून सुरू झाल्याचा आभास निर्माण करून प्रत्यक्षात जुन्याच डिस्कवर काम चालू ठेवू शकते, आणि मग जुनी पुसली की आठवड्याभराचे काम तिच्याबरोबर जाते. म्हणून क्लोन पूर्ण होताच संगणक बंद करून जुनी डिस्क सोडवावी, पहिली सुरुवात केवळ एसएसडीवरून करावी, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘सिस्टिम’ आणि ‘बूट’ हे दोन्ही शेरे तिच्यावरच आहेत याची खातरजमा करावी, आणि काही दिवसांच्या वापरानंतर जुनी डिस्क यूएसबी खोक्यातून जोडून, मॉडेल क्रमांक पाहून, मगच रिकामी करावी.